फियाट ११०० : उपप्रकार व एंजिन शक्ती

फियाट ११०० : इटलीतील फियाट कंपनीने १९५३ मध्ये नव्या बांधणीत बाजारात आणलेली आणि मुंबईतील कुर्ला येथे प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने १९५४ पासून विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत परवान्याने व पुढे स्वतःच्या नावाने तयार केलेली चार दारांची लहान मोटारगाडी. भारतात ती मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रेसिडेंट व पद्मिनी अशा क्रमाने बदलत गेलेल्या नावांनी ओळखली गेली; बोलीत मात्र ती शेवटपर्यंत ‘फियाट’ च राहिली. एकाच घडणीच्या गाडीची इतकी नावे असल्यामुळे प्रत्येक नावामागे निराळे एंजिन व निराळी शक्ती असावी, अशी समजूत रूढ झाली. इटलीत बनलेल्या गाड्यांच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरी आहे. भारतीय गाड्यांच्या बाबतीत ती बहुतांशी खरी नाही. या गाडीसाठी सांगितल्या जाणाऱ्या अश्वशक्तीच्या आकड्यांत जो फरक दिसतो, त्याचा काही भाग एंजिनाच्या रचनेतून, काही मोजण्याच्या पद्धतीतून आणि काही इंधन, हवा व झीज यांच्यातून आलेला आहे. हे तीन भाग वेगळे करून पाहिल्याशिवाय कोणताही आकडा उपयोगी पडत नाही.

एंजिनाची मूळ घडण : या गाडीच्या एंजिनाची मूळ मापे १९५३ पेक्षा जुनी आहेत. फियाट कंपनीने १९३७ मध्ये आणलेल्या ५०८ सी या गाडीत ती प्रथम आली. एका ओळीत चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ६८ मिमी., दट्ट्याच्या धावेची लांबी ७५ मिमी. आणि सिलिंडरच्या माथ्यावर ढकलदांड्यांनी उघडणाऱ्या झडपा अशी ही रचना आहे. या मापांवरून एका सिलिंडरचे घनफळ सु. २७२ घ.सेंमी. व चारही सिलिंडरांचे मिळून १,०८९ घ.सेंमी. येते. ‘अकराशे’ हे नाव या आकड्यावरूनच पडले. ‘मिलेचेंतो’ या इटालियन शब्दाचा अर्थही अकराशे असाच आहे. थंड करण्यासाठी पाणी, इंधनासाठी कार्ब्युरेटर, चार वेगांची गिअरपेटी आणि मागील चाकांना चालना ही तिची इतर वैशिष्ट्ये होत. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

एंजिनाची शक्ती दोन राशींच्या गुणाकाराने ठरते. पहिली राशी म्हणजे भुजादंडाला फिरविणारे पीडन परिबल, ज्याला व्यवहारात टॉर्क म्हणतात. दुसरी म्हणजे भुजादंडाचे दर मिनिटास होणारे फेरे. परिबल न्यूटन-मीटरमध्ये घेऊन त्यास दर मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणले व ९,५५० ने भागले, की शक्ती किलोवॉटमध्ये मिळते. परिबल हे मुख्यतः सिलिंडरचे घनफळ व त्यात निर्माण होणारा सरासरी दाब यांवर अवलंबून असते. म्हणून एंजिनाची शक्ती वाढविण्याचे मार्ग तीनच उरतात : घनफळ वाढविणे, दाब वाढविणे किंवा फेरे वाढविणे. या गाडीच्या इटालियन उपप्रकारांत हे तिन्ही मार्ग वेगवेगळ्या वेळी वापरले गेले.

इटालियन उपप्रकार : पुढील कोष्टकात मुख्य उपप्रकार दिले आहेत. शक्ती मेट्रिक अश्वशक्तीत आहे.

१९३७ — ५०८ सी : १,०८९ घ.सेंमी.; ३२ अश्वशक्ती.
१९५३ — ११००/१०३ : १,०८९ घ.सेंमी.; ३६ अश्वशक्ती, दर मिनिटास ४,४०० फेऱ्यांना.
१९५३ — ११०० टीव्ही : १,०८९ घ.सेंमी.; सु. ५० अश्वशक्ती.
१९५६ — ११००/१०३ ई : १,०८९ घ.सेंमी.; ४० अश्वशक्ती.
१९५७ — ११००/१०३ डी : १,०८९ घ.सेंमी.; ४३ अश्वशक्ती.
१९६२ — ११०० डी : १,२२१ घ.सेंमी.; मापनपद्धतीनुसार ५० ते ५५ अश्वशक्ती.
१९६६ — ११०० आर : १,०८९ घ.सेंमी.; मापनपद्धतीनुसार ४८ ते ५३ अश्वशक्ती.

या यादीतील सर्वांत बोधप्रद जोडी १९५३ सालची आहे. त्या वर्षाच्या मार्च महिन्यात साधी गाडी आली आणि शरद ऋतूत तिचाच ‘टीव्ही’ हा उपप्रकार आला. टीव्ही ही ‘तुरिस्मो व्हेलोचे’, म्हणजे वेगवान प्रवासी गाडी, या इटालियन शब्दांची आद्याक्षरे आहेत. दोहोंचे घनफळ तंतोतंत सारखे. तरी शक्तीत सु. ४० टक्क्यांचा फरक होता. टीव्हीला दुहेरी कंठाचा कार्ब्युरेटर व अधिक संपीडन गुणोत्तर दिले होते आणि तिचे एंजिन दर मिनिटास ५,००० हून अधिक फेऱ्यांना आपली कमाल शक्ती देत असे. शक्तीतील या वाढीची फोड केली, तर साधारणपणे निम्म्याहून थोडी अधिक वाढ फेरे वाढल्यामुळे आणि उरलेली सिलिंडरमधील दाब वाढल्यामुळे मिळाली असे दिसते. एंजिन मोठे झाले नव्हते. ते अधिक मोकळा श्वास घेऊ लागले होते व अधिक वेगाने फिरू लागले होते.

संपीडन गुणोत्तर म्हणजे दट्ट्या तळाशी असतानाचे सिलिंडरचे एकूण घनफळ आणि तो माथ्याशी असतानाचे उरलेले घनफळ यांचे गुणोत्तर. ते वाढले की त्याच इंधनातून अधिक काम मिळते; पण ही वाढ मर्यादित असते. आदर्श चक्राच्या गणिताने हे गुणोत्तर ७ वरून ८ वर नेल्यास कार्यक्षमतेत सु. ४ टक्क्यांचीच भर पडते. उलट, गुणोत्तर वाढल्यावर पेट्रोल अकाली व स्फोटासारखे पेटण्याचा संभव वाढतो, एंजिनात ठोके ऐकू येतात आणि दट्ट्यांना इजा पोहोचते. ठोक्यांना दाद न देण्याच्या पेट्रोलच्या गुणाला ऑक्टेन अंक म्हणतात. म्हणून एखाद्या देशात कोणते पेट्रोल सर्वत्र मिळते, यावर तेथे कोणते एंजिन विकता येईल हे ठरत असे.

१९६२ मधील ११०० डी या उपप्रकारात पहिला मार्ग चोखाळला गेला. धावेची लांबी तीच ठेवून सिलिंडरचा व्यास ७२ मिमी. केला गेला. केवळ ४ मिमी. व्यास वाढल्याने घनफळ १२ टक्क्यांनी वाढून १,२२१ घ.सेंमी. झाले, कारण घनफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. गाडीचे नाव मात्र अकराशेच राहिले.

भारतीय उपप्रकार : प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये झाली. कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून प्रथम अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी झाली. पुढे फियाट कंपनीशी करार होऊन १९५४ पासून ११०० या गाडीचे उत्पादन सुरू झाले. १९५८ मध्ये एलिगंट, त्यानंतर सिलेक्ट व सुपर सिलेक्ट आणि १९६४ मध्ये नव्या कवचाची ११०० डी, म्हणजे डिलाइट, असे बदल होत गेले. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत गाडीवरील फियाट हे नाव जाऊन प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी ही नावे आली.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, १९६४ ची भारतीय डिलाइट ही कवचाने इटालियन ११०० डी असली, तरी एंजिनाने तशी नव्हती. इटलीत त्या कवचाखाली १,२२१ घ.सेंमी. चे एंजिन होते. भारतात जुने १,०८९ घ.सेंमी. चेच एंजिन कायम राहिले आणि पेट्रोलवर चालणाऱ्या पद्मिनीतही शेवटपर्यंत तेच होते. इटालियन माहितीपुस्तकातील ११०० डी चा आकडा भारतीय गाडीला लावणे म्हणूनच चुकीचे ठरते. या एका नामसाम्यामुळे गाडीच्या शक्तीविषयी बरेच गैरसमज पसरले आहेत.

पद्मिनीचे साधे व डीलक्स असे प्रकार विकले जात. त्यांतील भेद मुख्यतः आसनांचे आच्छादन, आतील सजावट, चकचकीत पट्ट्या व उपकरणे यांचा होता, घनफळाचा नव्हता. शेवटच्या काळातील एस-१ या प्रकारात सलग बाकासारख्या पुढील आसनाऐवजी स्वतंत्र आसने आणि स्टिअरिंगच्या दांड्यावरील गिअरऐवजी तळावरील गिअर आला. तो चालविण्याच्या सोयीतील बदल होता. ज्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, त्या काळात ग्राहकाला निवड करण्यास वाव फारच थोडा असे. डीलक्स या शब्दाने अधिक किंमत दिल्याचे समाधान मिळे. चढावर त्या शब्दाचा उपयोग नसे.

एंजिन खऱ्या अर्थाने बदलले, ते दोन गाड्यांत. १९८५ मध्ये कंपनीने फियाट १२४ या गाडीच्या कवचाची ११८ एनई ही निराळी गाडी आणली. तीत जपानच्या निसान कंपनीचे १,१७१ घ.सेंमी. चे, सु. ५२ अश्वशक्तीचे एंजिन होते. तिच्या नावातील ११८ हा अंक १·१८ लिटर या घनफळाचा व एनई ही अक्षरे निसान एंजिनाची निदर्शक आहेत. १९९० नंतरच्या दशकात पद्मिनीच्या कवचात सु. १·३७ लिटरचे इटालियन डीझेल एंजिन बसवून १३७ डी हा प्रकार तयार झाला. डीझेल एंजिनाची कमाल शक्ती पेट्रोल एंजिनाच्या जवळपासच असली, तरी त्याचे परिबल कमी फेऱ्यांना मिळते. त्यामुळे ओझे वाहण्यास ते सोयीचे ठरे.

मोजण्याच्या पद्धती : भारतीय १,०८९ घ.सेंमी. एंजिनासाठी निरनिराळ्या लेखनात ४० पासून सु. ४७ अश्वशक्तीपर्यंतचे आकडे आढळतात. एकाच एंजिनाला दोन आकडे कसे असू शकतात, याचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संस्थेच्या जुन्या पद्धतीत एंजिन चाचणीच्या बैठकीवर उघडे बसवीत. पंखा, हवागाळणी, विद्युत् जनित्र, धूर बाहेर नेणारी नळी व आवाज शमविणारा डबा ही सर्व अंगे काढलेली असत. अशा एंजिनाची शक्ती ही त्याची स्थूल शक्ती होय. जर्मन मानकानुसार हीच अंगे जोडलेली ठेवून, म्हणजे एंजिन गाडीत ज्या स्थितीत असते जवळजवळ त्याच स्थितीत, निव्वळ शक्ती मोजली जाई. दोहोंत सामान्यतः १० ते २० टक्क्यांचा फरक पडतो. अमेरिकेतील कारखान्यांनीही १९७२ च्या सुमारास स्थूल आकडे सोडून निव्वळ आकडे देण्यास प्रारंभ केला. त्या वर्षी कित्येक गाड्यांची शक्ती कागदावर एकाएकी घटलेली दिसली, प्रत्यक्षात एंजिने पुष्कळदा तीच होती.

एककांमुळेही थोडा फरक पडतो. मेट्रिक अश्वशक्ती ७३५·५ वॉट, तर ब्रिटिश अश्वशक्ती ७४५·७ वॉट आहे. हा फरक दीड टक्क्याहूनही कमी असल्याने व्यवहारात त्याला महत्त्व नाही. याहून मोठा घोटाळा कराच्या अश्वशक्तीने झाला. ब्रिटनमध्ये एके काळी मोटारगाड्यांवरील कर आकारण्यासाठी सिलिंडरच्या व्यासाचा इंचांतील वर्ग घेऊन त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणीत व २·५ ने भागीत. या सूत्रात धावेची लांबी, फेरे व दाब यांना स्थानच नव्हते. त्याप्रमाणे १,०८९ घ.सेंमी. एंजिनाची अश्वशक्ती केवळ सु. ११·५ येते, प्रत्यक्षात ते तिच्या तिप्पटीहून अधिक शक्ती देते. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या नावांतील सात, आठ, दहा हे अंक या कराचे आहेत, शक्तीचे नव्हेत.

हवा, उष्णता व उंची : एंजिनाची शक्ती तो किती हवा आत घेतो यावर अवलंबून असते. उंचीबरोबर हवेचा दाब कमी होतो आणि तापमानाबरोबर ती विरळ होते. या परिणामाचे चांगले उदाहरण बुलढाणा जिल्ह्यात मिळते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने या जिल्ह्याचे दोन भाग केले असून स्थानिक बोलीत त्यांना ‘घाटावरचा’ व ‘घाटाखालचा’ असे म्हणतात. मलकापूर, नांदुरा व शेगाव ही घाटाखालील गावे मुंबई–नागपूर लोहमार्गावर, पूर्णा नदीच्या खोऱ्यात सु. २५० ते ३०० मी. उंचीवर आहेत. बुलढाणा हे जिल्ह्याचे मुख्य ठिकाण घाटावर सु. ६४० मी. उंचीवर असून तेथे लोहमार्ग नाही. आगगाडीने आलेल्या माणसाला मलकापुराहून मोताळ्यावरून राजूर घाटाने वर जावे लागते. खामगावकडून येणारी वाट बोथ्याच्या घाटातून चढते.

समुद्रसपाटीच्या तुलनेने ६४० मी. उंचीवर हवेचा दाब सु. ७ टक्क्यांनी कमी असतो. त्यात ४० से. तापमानाच्या हवेमुळे आणखी सु. २ ते ३ टक्के घट धरली, तर उन्हाळ्यात घाटमाथ्यावर कार्ब्युरेटरच्या एंजिनाची शक्ती एकूण सु. १० टक्क्यांनी उतरते. कागदावरची ४० अश्वशक्ती तेथे ३६ होते. इटलीत १९५३ ची गाडी व १९५६ ची गाडी यांत जितका फरक अभियंत्यांनी निर्माण केला, तितकाच फरक मे महिन्यातील घाटमाथा कोणालाही न विचारता पुसून टाकतो.

चढावरील हिशेब : शक्तीचा कोणता आकडा घाटात कामी येतो, हे एका ढोबळ हिशेबाने स्पष्ट होईल. रिकाम्या गाडीचे वजन सु. ९०० किग्रॅ. आहे. पाच माणसे व सामान धरून ते १,२५० किग्रॅ. समजावे, चढ १५ मीटरला १ मीटर आणि वेग ताशी ४० किमी. मानावा. चढामुळे येणारा विरोध सु. ८१५ न्यूटन, चाकांच्या लोळण्याचा सु. १८५ न्यूटन आणि हवेचा सु. ७० न्यूटन, असा एकूण विरोध सु. १,०७० न्यूटन होतो. या वेगाने त्यावर मात करण्यास चाकांशी सु. १२ किलोवॉट लागतात. गिअरपेटी व मागील आस यांतील व्यय धरला, की एंजिनाकडून सु. १३·५ किलोवॉट, म्हणजे १८ अश्वशक्तीहून थोडी अधिक, मागणी होते.

चाळीस अश्वशक्तीच्या एंजिनाला ही मागणी किरकोळ वाटेल. पण चाळीस हा आकडा दर मिनिटास ४,००० हून बऱ्याच अधिक फेऱ्यांचा आहे. वरच्या गिअरमध्ये ही गाडी दर १,००० फेऱ्यांस ताशी सु. २५ किमी. जाते. ताशी ४० किमी. वेगाला एंजिनाचे फेरे १,६०० च असतात. परिबल ६५ न्यूटन-मीटर धरले, तरी शक्ती ११ किलोवॉटच्या आतच राहते आणि उन्हाळ्यातील घट वजा जाता १० पेक्षाही कमी उरते. मागणी १३·५ ची असल्याने गाडी रेंगाळते, एंजिन धडधडते आणि अखेर बंद पडते. तिसऱ्या गिअरमध्ये फेरे सु. दीडपट, म्हणजे २,४०० होतात. परिबल ७० न्यूटन-मीटर धरल्यास सु. १७·५ किलोवॉट आणि घट वजा जाता सु. १६ किलोवॉट मिळतात. आता मागणी भागून थोडी शिल्लक राहते. या शिलकीवरच समोरच्या मालमोटारीला ओलांडता येईल की नाही, वळणावर वेग पडल्यास तो पुन्हा धरता येईल की नाही, हे अवलंबून असते. प्रवाशांची सुरक्षितता या दोन-तीन किलोवॉटांच्या शिलकीत सामावलेली असते, कमाल अश्वशक्तीत नव्हे.

या हिशेबातून दुसरीही एक गोष्ट निघते. साधी गाडी व टीव्ही यांच्यातील फरक मुख्यतः वरच्या फेऱ्यांत आहे. २,४०० फेऱ्यांना, म्हणजे घाटात प्रत्यक्ष वापरल्या जाणाऱ्या टप्प्यात, दोघींच्या शक्तीत कमाल आकड्यांइतकी तफावत राहत नाही. पन्नास अश्वशक्तीची गाडी घाटात छत्तीसच्या गाडीहून दीडपट समर्थ असते, असे मानणे म्हणून बरोबर नाही. उलट, दोन प्रवासी कमी बसविले, तर १२० ते १५० किग्रॅ. भार उतरून मागणी १० टक्क्यांनी घटते. लग्नसराईत गाडीत सात-आठ माणसे कोंबणारा मालक गाडीच्या शक्तीला दोष देतो, तेव्हा दोष बहुधा बेरजेत असतो.

उष्णतेचा उपद्रव शक्ती उतरण्यापुरता नसतो. पूर्णेच्या खोऱ्यात उन्हाळ्यात तापमान ४० से. च्या वर जाते. चढावर गाडी हळू चालते, समोरून येणारा वारा कमी पडतो आणि पंख्याचे फेरेही थोडे असतात. त्यामुळे रेडिएटरमधील पाणी उकळू लागते. एंजिनालगतचा इंधनपंप व नळ्या तापून पेट्रोलची वाफ होते. पंप ती ओढू शकत नाही आणि इंधन अडते. यास बाष्परोध म्हणतात. पंपावर ओले फडके गुंडाळण्याची चालकांची युक्ती शास्त्रशुद्ध आहे. पाण्याच्या बाष्पीभवनाने पंप थंड होतो. घाट चढण्यापूर्वी पाणी पाहणे, पंख्याचा पट्टा ताणणे व चढाच्या तोंडाशीच खालचा गिअर घेणे या सवयी यातूनच आल्या. उतरतानाही तोच गिअर ठेवल्यास एंजिन स्वतः रोधकाचे काम करते व ब्रेक तापत नाहीत.

इंधन व झीज : भारतात बराच काळ मिळणारे साधे पेट्रोल ९० पेक्षा कमी ऑक्टेन अंकाचे असे. भारतीय ११०० चे संपीडन गुणोत्तर बेताचे ठेवण्यामागे हे एक सबळ कारण होते. अशा एंजिनात अधिक ऑक्टेन अंकाचे महाग पेट्रोल घातल्याने शक्ती वाढत नाही. ऑक्टेन अंक हा ठोके न होऊ देण्याचा गुण आहे, उष्णतेचा साठा नव्हे. रॉकेलची भेसळ झाल्यास मात्र ऑक्टेन अंक खाली येतो, ठोके सुरू होतात आणि ते टाळण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घ्यावी लागते. तीत शक्ती जाते.

मुंबईच्या टॅक्सींत पुढे दाबित नैसर्गिक वायू वापरात आला. पेट्रोलच्या बारीक थेंबांना व वाफेला सिलिंडरमध्ये अत्यल्प जागा लागते. नैसर्गिक वायू मात्र आत येणाऱ्या मिश्रणाचा सु. दहावा भाग व्यापतो आणि तितकी हवा बाहेर राहते. परिणामी, त्याच एंजिनाची शक्ती १० टक्क्यांहून अधिक घटते. सपाट शहरात ही घट खपून गेली. वायूची अवजड टाकी घेऊन घाट चढणाऱ्या गाडीत ती जाणवते.

झिजेचा परिणाम याहूनही मोठा असू शकतो. दट्ट्यावरील कडी झिजली, झडपा नीट बसेनाशा झाल्या, कार्ब्युरेटरच्या तोट्या खराब झाल्या किंवा हवागाळणी धुळीने कोंदली, की उपप्रकारांतील सर्व भेद निरर्थक होतात. जुनी गाडी घेताना प्रत्येक सिलिंडरमधील संपीडन दाब मापकाने तपासणे हीच तिच्या शक्तीची खरी चौकशी होय. चारही सिलिंडरांतील दाब परस्परांशी जुळणारा असेल, तर सुस्थितीतील साधी गाडी ही थकलेल्या डीलक्स गाडीहून निश्चितपणे अधिक समर्थ असते. सिलिंडर झिजल्यावर ते कातून मोठ्या मापाचे दट्ट्ये बसवितात. अशा दुरुस्तीत व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढला, तर घनफळ सु. दीड टक्क्याने वाढते. ‘बोअर केल्याने गाडी पळते’ हा अनुभव खरा असतो. पण त्याचे श्रेय या दीड टक्क्याला नसून पुन्हा घट्ट बसलेल्या कड्यांना असते.

तुलना : शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर पाहिल्यास या गाडीचे स्थान नेमके कळते. सु. ४० अश्वशक्ती व ९०० किग्रॅ. या हिशेबाने पद्मिनीला दर टनास सु. ४४ अश्वशक्ती मिळते. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० चे एंजिन केवळ ७९६ घ.सेंमी. चे व शक्ती चाळिसाच्या आतच होती. पण वजन सु. ६५० किग्रॅ. असल्याने दर टनास ५५ हून अधिक अश्वशक्ती येते. लहान एंजिनाची ही गाडी पद्मिनीला मागे टाकी, त्याचे कारण एंजिनात कमी व वजनात अधिक होते. मारुती ८०० मध्ये पुढे खरा उपप्रकारभेदही आला : २००० च्या सुमारास प्रत्येक सिलिंडरला चार झडपा व पाच वेगांची गिअरपेटी असलेला, सु. ४५ अश्वशक्तीचा प्रकार साध्या, सु. ३७ अश्वशक्तीच्या प्रकाराबरोबर विकला जात असे. घनफळ तेच असताना शक्ती वाढविण्याची ही रीत तत्त्वतः १९५३ मधील ११०० टीव्हीचीच होती.

आकड्यांचा अर्थ : एखाद्या उपप्रकाराची अश्वशक्ती वाचताना तिच्याबरोबर तीन गोष्टी पाहणे आवश्यक असते. ती किती फेऱ्यांना मिळते; ती स्थूल आहे की निव्वळ; आणि ज्या एंजिनाची ती आहे, तेच एंजिन त्या देशातील गाडीत होते किंवा कसे. भारतीय फियाटच्या बाबतीत या तीन प्रश्नांची उत्तरे लक्षात घेतली, तर मिलेचेंतोपासून पद्मिनीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांतील फरक नावांच्या संख्येवरून वाटतो त्याहून फारच लहान ठरतो.

मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. टॅक्सीसाठी असलेली वीस वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस हा काळ्या-पिवळ्या रंगाचा प्रकार मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाला. खाजगी मालकीच्या काही गाड्या जतन केल्या गेल्या आहेत. त्यांचे सुटे भाग एका नावाच्या गाडीतून काढून दुसऱ्या नावाच्या गाडीत बसविताना एंजिनाची मूळ मापे जुळतात; सत्तर मैल चालणाऱ्या नावांच्या फेऱ्यांखाली १९३७ मधील ६८ व ७५ मिमी. हीच मापे टिकून राहिली, याचा हा रोजच्या व्यवहारातील पुरावा होय.